दावा यवतमाळात, कागद पुण्यात

प्रश्न विचारणारा तरुण दिग्रस तालुक्यातला आहे. त्याचे भाऊजी, वय ३४, पुण्यात वाघोलीच्या एका गोदामात ठेकेदाराकडे कामाला होते. चार महिन्यांपूर्वी रात्री ड्युटी संपवून मोटरसायकलने खोलीवर येताना नगर रोडवर मागून आलेल्या कारने त्यांना उडवलं. चार दिवस दवाखान्यात काढले आणि पाचव्या दिवशी ते गेले. बहीण दोन लेकरं घेऊन माहेरी आली आहे, सासू पुसद तालुक्यात एकटी. कारवाला म्हणतो तीन लाख घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा. एक एजंट म्हणतो पंचवीस टक्के द्या, सगळं करून देतो. भाऊजींच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, पगाराची स्लिप नाही. पुण्याच्या चकरा माराव्या लागतील का आणि किती मिळेल, असं विचारलं आहे.

मी यवतमाळला वीस-बावीस वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवतो. त्यातले निम्मे तरी असेच: माणूस इथला, अपघात पुण्या-मुंबईचा किंवा सुरतेचा. तुमच्या प्रश्नात पाच-सहा प्रश्न आहेत. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, जिथं पैसा अडकतो तिथं जास्त बोलतो.

पहिले ती सही. करू नका. कारचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई कारवाल्याच्या खिशातून जातच नाही, विमा कंपनी देते, आणि मृत्यूच्या दाव्यात कंपनीच्या त्या जबाबदारीला रकमेची वरची मर्यादा नाही. मग तो स्वतःचे तीन लाख का काढतो? फौजदारी केस त्याच्या मानेवर आहे म्हणून. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) चा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि हा गुन्हा आपसात मिटवण्याजोग्या यादीत नाही. ताईनं 'केस मागे घेते' म्हटल्यानं ती मागे जात नाही. पण स्टॅम्पपेपरवर जे लिहून घेतात त्यात एक वाक्य हमखास असतं: 'सदर अपघातात कारचालकाची कोणतीही चूक नाही.' हे वाक्य उद्या विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत ताईच्या हातात देतो आणि विचारतो, ही सही तुमचीच ना? त्या एका सहीपायी वीस-पंचवीस लाखांचा दावा लंगडा झालेला मी पाहिला आहे. कारवाल्यानं माणुसकीनं दवाखान्याचं काही बिल भरलं असेल तर भरू दे. सही मात्र नाही.

आता पुण्याच्या चकरांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(२) दावेदाराला निवड देतं: अपघात झाला तिथं, दावेदार राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथं, यांपैकी कुठल्याही मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या न्यायालयात, दावा लावता येतो. म्हणजे यवतमाळला, किंवा तुमचा तालुका ज्या अतिरिक्त जिल्हा न्यायालयाखाली येतो तिथं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण गेलं होतं. अपघात पश्चिम बंगालमधला, दावा उत्तर प्रदेशातल्या फतेहगडचा. वाहनमालक म्हणाला, साक्षीदार सगळे बंगालचे, त्यांना हिंदी जमणार नाही, दावा तिकडे पाठवा. न्यायालयानं नकार दिला. दावेदारांनी कायद्यानं दिलेली निवड वापरली आहे, तर तुम्ही म्हणता म्हणून ती हिरावता येत नाही, असं सांगितलं.

विमा कंपनी एक हरकत मात्र घेईल: बाई तर पुण्यात राहायची, यवतमाळची कशी? त्याची तयारी आजच करा. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधारवर इथला पत्ता, आणि सगळ्यांत भक्कम म्हणजे लेकरांचा इथल्या शाळेतला प्रवेश. पोरं गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसली की आई कुठं राहते हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

मुदतीत गफलत करू नका. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा लावायचा, असं कलम १६६(३) म्हणतं. त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे गावात अजून 'दावा कधीही लागतो' असं सांगणारे भेटतात. या सहा महिन्यांच्या अटीला आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की त्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत मुदत संपली या कारणावरून दावे फेटाळू नयेत. हा आदेश उशीर झालेल्यांसाठी आधार आहे. तुमच्या हातात दोन महिने असताना त्याच्या भरवशावर बसायचं काही कारण नाही. शिवाय व्याज साधारण दावा दाखल केल्याच्या तारखेपासून लागतं. जितका उशिरा लावाल तितकं ते बुडतं.

पुण्याला एकदा मात्र जावंच लागेल, आणि नीट तयारीनं गेलात तर एकदाच. रात्रभराचा प्रवास आहे, तीनदा केला तर तीनदा मजुरी बुडते. कोणते कागद आणायचे ते सांगतो.

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, आणि कारचे कागद: आरसी, विमा पॉलिसी, चालकाचं लायसन. माणूस दवाखान्यात गेला असेल तर मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, बहुधा त्या दवाखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात नोंदला जातो आणि कागद मागाहून मूळ ठाण्याकडे जातात. त्यामुळे 'आमच्याकडं नाही' असं दोन्हीकडून ऐकायला मिळतं. मर्ग नंबर आणि गुन्हा नंबर दोन्ही कागदावर लिहून नेलेत तर टोलवाटोलवी होत नाही. शवविच्छेदन ससूनला झालं असेल तर त्याचा अहवालही त्याच फाइलीत असतो. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर पुण्याच्या न्यायालयात नकलेचा अर्ज टाका, त्या एका नकलेत यातलं बहुतेक सगळं येऊन जातं. घटनास्थळ पंचनामा हातात पडला की तिथंच उभं राहून वाचा. मोटरसायकल रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती, कारचं नुकसान पुढून आहे की बाजूनं, ब्रेकच्या खुणा लिहिल्यात का. मागून ठोकलं हे तुम्ही तोंडी सांगता. कारचा पुढचा बंपर आणि मोटरसायकलचं मागचं मडगार्ड चेपलं असं पंचनाम्यात असेल तर ते कागद सांगतो.

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो सविस्तर अहवालच दावा म्हणून धरता येतो. कायद्यात हे छान लिहिलं आहे. व्यवहारात मी त्याची वाट बघत नाही. अहवाल गेला का, एवढं ठाण्यात विचारा, प्रत मिळाली तर घ्या, आणि आपला दावा आपण लावा.

मृत्यूचा दाखला पुणे महानगरपालिकेचाच लागेल. मृत्यू जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते. आपल्याकडं अंत्यविधी गावात होतो म्हणून घाईत ग्रामपंचायतीत नोंद करून घेतात. मग एकाच माणसाचे दोन दाखले, दोन तारखा, आणि विमा कंपनीचा वकील खूश. तसं केलं असेल तर आत्ताच सांगा, लपवू नका.

दवाखान्याची बिलं, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज किंवा डेथ समरी. मूळ प्रती. थर्मल कागदावरच्या पावत्या उन्हाळाभर पन्नीत राहिल्या की कोऱ्या होतात, आजच झेरॉक्स काढून मूळ प्रत सोबत टाचा.

आता पैशाकडे येतो. भरपाईचं गणित २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांनी जवळजवळ ठरवून दिलं आहे. न्यायाधीश कुणीही असोत, पाढा तोच. तुमच्या भाऊजींचा मांडून दाखवतो. महिन्याची कमाई १८,००० सिद्ध झाली असं धरू. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. घरात अवलंबून चार जण, बायको, दोन लेकरं, आई. चार ते सहा जण असले की स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: उरले २,२६,८००. वय ३१ ते ३५ ला गुणक १६. झाले ३६,२८,८००. त्यावर सहवास हरवल्याचे, अंत्यविधीचे आणि संपत्तीच्या नुकसानीचे ठरावीक आकडे. प्रणय सेठीत ते ४०,०००, १५,००० आणि १५,००० होते, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ धरून आता ४८,४००, १८,१५० आणि १८,१५० असे देतात. सहवासाचे बायको, लेकरं आणि आई, प्रत्येकाला वेगळे धरले तर १,९३,६००. सगळे मिळून ३८,५८,७००, वर दवाखान्याचा खर्च आणि व्याज. आता ते तीन लाख आठवा.

पण या पाढ्याची पहिली ओळ पाहा, '१८,००० सिद्ध झाली असं धरू'. खरी लढाई तिथं आहे. ती सिद्ध झाली नाही आणि न्यायाधिकरणानं अंदाजानं १२,००० धरली, तर त्याच गणितात ३६,२८,८०० चे २४,१९,२०० होतात. बारा लाखांवर फरक, आणि तो फक्त कागदाचा. किमान वेतनाचा आधार घेतला तर आकडा असाच खाली बसतो.

पगाराची स्लिप नाही म्हणून हातपाय गाळू नका. ठेकेदाराकडं पहिले प्रेमानं जा. तो घाबरतो, कारण पीएफ भरला नसेल तर त्याचं आपलंच लफडं निघेल. त्याला वाटतं भरपाई त्याच्याकडून मागणार आहात. हे कारवाल्याच्या विम्याचं आहे, तुमचं काही जाणार नाही, एवढं नीट सांगितलं तर निम्मे ठेकेदार हजेरीपटाची प्रत देतात. नुसता 'अमुक माझ्याकडं कामाला होता, पगार इतका' असा लेटरहेडवरचा दाखला आणून मला देऊ नका. तो लिहिणारा माणूस साक्षीला उभा राहिला नाही तर त्या दाखल्याला किंमत नाही. साक्ष व्हिडिओवरून होऊ शकते, तेही त्याला सांगा, पुण्याहून यवतमाळला यायचं म्हटलं की लोक फोन उचलत नाहीत.

ठेकेदार आलाच नाही तर बँकेचं खातं बोलवायचं. मागच्या दोन-अडीच वर्षांचं स्टेटमेंट काढा. पगार थोडा खात्यात, थोडा हातात, असं बहुतेकांचं असतं. खात्यात ११,००० येत असतील, पण त्याच खात्यातून दर महिन्याला आईला ४,०००, खोलीचं भाडं ५,००० आणि मोटरसायकलचा हप्ता ३,००० जात असेल, तर त्याची कमाई ११,००० नव्हती हे न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही. एका दाव्यात माझ्याकडं एवढंच होतं: बाईनं आणलेलं घरमालकाचं वहीचं पान, त्यावर दर महिन्याची भाड्याची सही, आणि किराणा दुकानाची उधारीची वही. घरमालक साक्षीला आला, म्हणाला, माणूस एक तारखेला भाडं द्यायचा, कधी चुकला नाही. त्या साक्षीनं जे काम केलं ते कोणत्याही दाखल्यानं केलं नसतं.

पीएफचा नंबर असेल तर तो शोधाच. ठेकेदारानं खरंच भरला असेल तर कमाईचा पुरावाही मिळतो आणि पीएफशी जोडलेल्या विम्याचे सात लाखांपर्यंत वेगळे मिळू शकतात.

वावर. भाऊजींच्या नावावर तीन एकर कोरडवाहू आहे असं लिहिलंय. कास्तकारी अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिली होती की सासू बघायची, ते स्पष्ट करा. अपघाताच्या दाव्यात शेतीचं उत्पन्न पूर्ण धरत नाहीत, कारण वावर तर तिथंच आहे, माणूस गेला म्हणून सातबारा जात नाही. धरतात ते देखरेखीचं नुकसान: पेरणीला, वेचणीला माणूस सुटी काढून यायचा की नाही. कापूस विकल्याच्या पट्ट्या, तुरीची पावती, पीक कर्जाचं पासबुक, जे असेल ते द्या. यातून मोठा आकडा निघेल ही आशा ठेवू नका.

वयाचं बघा. आधारवर जन्मतारीख काय आहे? आपल्या गावांत निम्म्या लोकांची १ जानेवारी असते, आधार काढणाऱ्यानं अंदाजानं टाकलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरावा. म्हणून टीसी आणा. मोकळं सांगतो, टीसीवर वय ३६ निघालं तर गुणक १६ चा १५ होतो आणि वरच्या गणितात २,२६,८०० कमी होतात. निघू दे. दोन कागदांवर दोन वयं दाखवून सगळाच दावा संशयात आणण्यापेक्षा ते परवडतं.

हेल्मेटची भीती तुम्ही फार घेतली आहे. हेल्मेट नसल्यानं कार मागून धडकत नाही. अपघात कशामुळे झाला हा प्रश्न वेगळा, आणि दंडाचा नियम मोडला का हा वेगळा. २०२० मध्ये मोटरसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं: नियम मोडला एवढ्यानं सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात त्याचीही चूक, ठरत नाही, त्या मोडण्याचा आणि अपघाताचा संबंध दाखवावा लागतो. तरीही डोक्याच्या मारानं मृत्यू असेल तर विमा कंपनी हा मुद्दा घेणार, आणि काही टक्के कापलेही जाऊ शकतात. खरी जपायची गोष्ट दुसरी आहे. भाऊजींचं लायसन होतं का, आणि रक्तात दारू आढळली का. रात्रीचा अपघात आहे, दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत डॉक्टरनं काय लिहिलंय ते मला आधी दाखवा.

फौजदारी केसमध्ये कारवाला पुढं सुटला तरी आपला दावा त्यामुळे पडत नाही. तिथं गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, इथं कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच तोलतात.

कारचा विमा आहे का हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून आजच बघा. अपघाताच्या दिवशी तो चालू होता का, एवढीच गोष्ट महत्त्वाची. पॉलिसी चालू पण चालकाच्या लायसनमध्ये खोट असेल, तर बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी दावेदाराला द्या, मग मालकाकडून वसूल करा. तुमचं अडत नाही. विमाच नसेल तर सगळा भार मालकावर येतो आणि वसुली हा वेगळा वनवास आहे. तेव्हा गाडी सोडताना न्यायालयानं जामीन-तारण घेतलं का, हे पुण्यात विचारून या.

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन पाच लाखांचं बोलेल, त्याला लगेच हो म्हणू नका. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ज्याच्याकडे साक्षीदार नाही, पंचनामा उलटा आहे, त्याला ते वरदान आहे. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा तिथंच संपतो. तुमच्या केसमध्ये मागून धडक आहे, पाच लाखांवर थांबू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण प्रश्नाच्या ओळींतून दिसतं: सासू एकीकडे, सून एकीकडे. दावा लावणारे तुम्ही नाही. दावेदार ताई, दोन्ही लेकरं आणि भाऊजींची आई. आईला सोडून दावा लावू नका. ती वेगळा वकील करून येईल किंवा विमा कंपनीच तिचं नाव काढेल, आणि वर्ष त्यातच जाईल. शिवाय ती आली की अवलंबून चार होतात. तिघे असते तर चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा वजा झाला असता. म्हणजे तिच्या असण्यानं सगळ्यांचं वाढतं, हे तिला आणि ताईला दोघींना एकत्र बसवून सांगा. कोणाला किती हे न्यायाधिकरण ठरवतं. लेकरांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, ताईच्या हिश्श्यातलाही काही भाग ठेवीत टाकतात. गावात कोणी 'दुसरं लग्न केलं तर पैसे जातील' म्हणून ताईला घाबरवत असेल, तर तसं काही नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

दाव्याशिवायचेही पैसे आहेत, आणि ते भरपाईतून कापले जात नाहीत. भाऊजींच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कटत असतील तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ कटत असतील तर जीवन ज्योती, आणखी दोन लाख. पासबुकात मे-जूनच्या नोंदी बघा. सातबारा नावावर आहे म्हणून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचे दोन लाखही बघा, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. या सगळ्यांच्या मुदती आखूड आहेत आणि चार महिने गेले आहेत. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उशिराचं कारण लिहा, बाई दुःखात होती हे कारणच आहे.

एजंटाचं. वकिलाला निकालाच्या रकमेत टक्केवारीनं फी घ्यायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, मग जो वकीलही नाही त्याला पंचवीस टक्के कशाचे? वरच्या हिशेबात ते नऊ लाखांवर जातात. ताई बाई आहे, म्हणून उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. खासगी वकील करायचा तर फी आधी लेखी ठरवा, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. लोकअदालतीत तडजोड होते आणि पैसे लवकर येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा वरचा आकडा खिशात ठेवूनच बसायचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा माणूस जखमी असेल तर दोन शब्द. अपंगत्वाचा दाखला टक्क्यांत येतो, पण भरपाई त्या टक्क्यांवर ठरत नाही, कमावण्याची ताकद किती गेली यावर ठरते. ड्रायव्हरचा पाय गेला आणि दाखल्यावर ४० टक्के असले तरी त्याची ड्रायव्हरकी शंभर टक्के गेली, हे २०११ च्या राजकुमार निकालातलं तत्त्व आहे. नव्या अपघातात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मोफत देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, दवाखान्यात पहिल्याच तासाला विचारा. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. तो अर्ज मात्र जिथं अपघात झाला तिथल्या महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो, इथं यवतमाळात चालत नाही.

पुण्याला निघण्याआधी भाऊजींचा मोबाइल कुठं आहे ते बघा. मागच्या वर्षी एक बाई आली, नवऱ्याचा फोन पोराला गेम खेळायला दिला होता आणि पोरानं जागा होत नाही म्हणून तो फॉरमॅट केला. त्यात ठेकेदाराचे 'उद्या रात्रपाळी, डबल हजेरी देतो' असे मेसेज होते, फोनपेवर आलेले पैसे होते, सगळं गेलं. तुमच्या ताईच्या घरी तो फोन असेल तर बंद करून कपाटात ठेवा, सिमला रिचार्ज मारून नंबर चालू ठेवा, आणि येताना चार्जरसकट घेऊन या.